रोमँटिक कॉमेडीची लॉगलाइन: पटकथा लिहून झाली, एक वाक्य काही होत नाहीये

कराडची कावेरी

नमस्कार मंडळी. एका पटकथा स्पर्धेचा अर्ज भरतेय. सिनॉप्सिस (कथासार) झाला, पात्रपरिचय झाला, 'लेखिकेचं मनोगत'सुद्धा झालं. पहिलाच रकाना रिकामा आहे: 'लॉगलाइन, जास्तीत जास्त ५० शब्द'. म्हणजे अख्ख्या सिनेमाची गोष्ट एका-दोन वाक्यांत.

आधी गोष्ट सांगते. पाटण तालुक्यातलं डोंगरावरचं एक गाव. संध्याकाळी तिथे मुक्कामी एसटी जाते, रात्री थांबते आणि सकाळी शाळा-कॉलेजची पोरं आणि दुधाचे कॅन घेऊन खाली येते. गाडीची नवी चालक राधिका, वाहक समीर. दोन वर्षांपूर्वी याच दोघांचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम झालेला असतो. समीरच्या आईने 'लग्नानंतर गाडी चालवणं सोडशील ना?' असं विचारलं, समीर खाली मान घालून पोहे खात बसला आणि राधिकाने नकार कळवला. आता रोज संध्याकाळी दोघं एका गाडीत. गावात सरपंचांची म्हातारी आई त्यांना नवरा-बायको समजते आणि आपल्या घरातली माडीवरची खोली देते. त्या वेळी दोघंही काही बोलत नाहीत, आणि मग सांगायचं राहूनच जातं. पुढे गोंधळ, भांडणं, प्रेम.

सध्याची लॉगलाइन:

"भिन्न स्वभावाचे राधिका आणि समीर यांच्या आयुष्यात नियती एक अनपेक्षित वळण आणते आणि एसटीच्या साथीने सुरू होतो त्यांच्या प्रेमाचा खुसखुशीत, हसता हसता डोळ्यांत पाणी आणणारा प्रवास."

मैत्रीण म्हणाली छान आहे. भाऊ म्हणाला, साबणाची जाहिरात वाटते. मला भावाचं पटतंय. पण नेमकं काय बदलू? नावं ठेवायची का? शेवट सांगायचा का? आणि सिनेमा विनोदी आहे हे 'खुसखुशीत' न लिहिता कसं कळवायचं?

तर्री जास्त

एआयला सांगा की. दोन मिनिटांत दहा लॉगलाइन काढून देईल.

कराडची कावेरी

दिल्या. दहांपैकी आठांत नियती होती.

विंगेतला

कावेरीताई, भाऊ हुशार आहे, त्याला पहिला प्रेक्षक नेमा.

मी काय करतो ते आधी सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. पोटापाण्यासाठी मालिकांचे संवाद लिहितो. जोडीला अंधेरीतल्या एका निर्मात्याच्या ऑफिसात आलेल्या पटकथा वाचून त्यावर टिपण द्यायचं काम आहे. आमचे साहेब स्वतः पटकथा वाचत नाहीत. ते दुपारी डबा उघडतात आणि विचारतात, "त्या निळ्या फाइलमध्ये काय आहे रे?" मी एक वाक्य सांगतो. हात ताटातच थांबला आणि "मग?" असं आलं, तर फाइल टेबलावर राहते. "बरं" म्हणून त्यांनी लोणच्याची बाटली पुढे ओढली की फाइल कपाटात. त्या वेळी लेखक विरारला, नाहीतर कराडला. बोलायला तो तिथे नसतो, त्याचं ते एक वाक्य असतं. आणि तेही माझ्यासारख्याच्या तोंडून, अर्धवट लक्षात राहिलेलं. म्हणून लॉगलाइन दुसऱ्याला न बघता सांगता आली पाहिजे. 'खुसखुशीत, हसता हसता डोळ्यांत पाणी आणणारा प्रवास' मी साहेबांना सांगू शकत नाही. मला हसू येईल, आणि ते चुकीच्या जागी येईल.

तुमच्या वाक्यातून 'एसटी' काढून 'बँक' घाला. वाक्याला काही होत नाही. 'दवाखाना' घाला, तरी काही होत नाही. म्हणजे गोष्ट अजून त्या वाक्यात शिरलेलीच नाही. गोष्ट तुमच्या वरच्या परिच्छेदात आहे, आणि फार चांगली आहे. पोहे खात गप्प बसलेला समीर मला लगेच दिसला.

आता मुद्द्याचं. रहस्यपटाची लॉगलाइन 'कोणी केलं?' या प्रश्नावर चालते. रोमँटिक कॉमेडीत असा प्रश्नच नसतो. पोस्टरवर दोघं पाठीला पाठ लावून उभी असतात, शेवटी जमणार हे पार्किंगवाल्यालाही माहीत असतं. तरी आपण लॉगलाइनचा शेवट 'आणि ते प्रेमात पडतात' असा करतो. म्हणजे जे आधीच ठाऊक आहे ते पुन्हा सांगण्यात ५०पैकी निम्मे शब्द जातात. इथे विकायचा असतो तो अडथळा. मी तर पुढे जाऊन म्हणेन की जी गोष्ट त्या दोघांना एकमेकांपासून लांब जाऊ देत नाही, तीच त्यांना एकत्रही येऊ देत नाही, हे एका वाक्यात दिसलं की रोमकॉमची लॉगलाइन झाली. बांधून ठेवणारं कारण वेगळं आणि तोडणारं वेगळं असलं, की मध्ये 'आणि त्यातच' घालावं लागतं. 'त्यातच तिचा जुना मित्र परत येतो', 'त्यातच त्याला दुबईची नोकरी लागते'. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पटकथा या 'त्यातच'नेच मेलेल्या असतात.

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) घ्या. तसा तो फार्स, पण गाठ हीच. घरमालकीणबाईंना भाडोत्री म्हणून जोडपीच हवीत, म्हणून चौघांतले दोघं साड्या नेसतात. साडी सोडली तर घर जातं, नेसून राहावं तर प्रेम कसं करणार? घर आणि पंचाईत एकाच साडीत. आणि तुमच्या जास्त जवळचं उदाहरण म्हणजे हॉलिवूडचा दिग्दर्शक फ्रँक काप्राचा 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४). श्रीमंत बापाच्या तावडीतून पळालेली मुलगी आणि नोकरी गेलेला वार्ताहर, दोघं मायामीहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये. तो तिला पोचवणार आणि बदल्यात तिची बातमी छापणार. त्या बातमीमुळे तो तिच्यासोबत राहतो, आणि पुढे तीच बातमी विकायला तो तिला झोपेत सोडून जातो तेव्हा तिला वाटतं, याने आपल्याला टाकलं. वाटेत पैसे वाचवायला दोघं नवरा-बायको म्हणून एक खोली घेतात, मध्ये दोरीवर घोंगडी टांगतात. शोधायला माणसं येतात तेव्हा दोघं असं कडाक्याचं भांडतात की त्यांची खात्रीच पटते, हे लग्न झालेलंच जोडपं आहे! त्या सिनेमाला पाच मोठी ऑस्कर मिळाली. बस, खोटं लग्न, एक खोली: तुमचा ऐवज नव्वद वर्षं टिकलेला आहे, घाबरू नका.

म्हणून दोन प्रश्न. एक: या दोघांचं पटत नाही, तर डेपोत जाऊन ड्युटी बदलून का घेत नाहीत? दोन: आम्ही नवरा-बायको नाही हे गावाला सांगून मोकळे का होत नाहीत? तुम्ही लिहिलंय 'सांगायचं राहूनच जातं'. आयुष्यात राहून जातं. सिनेमात राहून गेलं तर प्रेक्षक दहाव्या मिनिटाला ओरडतो, "अगं सांग की!" या दोन प्रश्नांचं उत्तर म्हणजे तुमची लॉगलाइन.

किरकोळ शंका: नावं नकोत. 'राधिका' म्हटल्यावर मला काहीच कळत नाही, 'एसटी चालक' म्हटल्यावर बाईची उंची, आवाज, खाकी सगळं दिसतं. 'मुंबई-पुणे-मुंबई'च्या (२०१०) पहिल्या भागात त्या दोघांची नावंच येत नाहीत आणि कोणाचं काही अडत नाही. स्थळ नाकारायला मुंबईहून पुण्याला आलेली मुलगी एका अनोळखी पुणेकराबरोबर दिवस काढते, एवढं पुरतं. शेवट सांगू नका. आणि स्वभावविशेषणं सगळी उडवा, 'भिन्न स्वभावाचे' सर्वांत आधी. समान स्वभावाच्या दोघांवर रोमकॉम कोणी लिहिलाय?

डेपोची लेक

कावेरी, माझे वडील एसटीत वाहक होते, निवृत्त झाले आता. गोष्ट वाचून त्यांना फोन लावला. ते अर्धा तास बोलले. आई मागून म्हणत होती, "जेवण गार होतंय." त्यातलं कामाचं तेवढं लिहिते.

मुक्कामी गाडी गावाला हवी असते आणि डेपोला नको असते. संध्याकाळी वर जाताना गाडी बऱ्यापैकी रिकामी. सगळं 'भारमाना'वर चालतं, म्हणजे गाडी किती भरली त्याचं प्रमाण. भारमान पडलं की ती फेरी बंद करायला डेपोला निमित्तच हवं असतं. बाबांच्या वेळी मुक्कामाला ग्रामपंचायतीची खोली असायची, कुठे शाळेची पडवी, कुठे गाडीतच बाकांवर पथारी. एका गावात त्या खोलीवरून दोन पार्ट्यांची भांडणं झाली, खोलीला कुलूप लागलं आणि गाडी मुक्कामाची बंद झाली. पोरांना पुढचे कित्येक महिने खालच्या फाट्यापर्यंत चालत यावं लागायचं.

मग तुझी गाठ इथेच नाही का? चालक-वाहकाची सोय झाली तर मुक्काम, नाहीतर नाही. म्हातारीच्या माडीशिवाय दुसरी जागा नाही, आणि म्हातारी लग्न न झालेल्या बाई-माणसाला एका खोलीत ठेवणार नाही.

एक शंका बाबांची: बाई चालकाला पुरुष वाहकाबरोबर मुक्कामाला डेपो पाठवेल का? त्यांना पटत नव्हतं. ते पटकथेत कुठेतरी सोडवून टाक. दुसरा चालक आजारी, कोणी जायला तयार नाही, काहीतरी. आणि एक सुंदर गोष्ट आहे ती वापरतेस का? वाहकाने डबल बेल दिल्याशिवाय चालक गाडी हलवत नाही. बाबा सांगतात, ज्या चालकाशी भांडण झालंय त्याच्याशी ते दिवसभर एक शब्द बोलायचे नाहीत, पण बेल द्यावीच लागायची. ते म्हणतात, बेलच्या आवाजावरून कळायचं, राग किती उरलाय ते.

विंगेतला

डेपोची लेक, बाबांना माझा नमस्कार सांगा. बेलच्या आवाजावरून राग! कावेरीताई, हे त्यांना विचारून घ्याच. (लॉगलाइनमध्ये नको. पटकथेत.)

कराडची कावेरी

अगं, 'भारमान' मला माहीतच नव्हतं! माझ्या पटकथेत नुसतंच 'गाडी बंद होणार' आहे. आणि बेल मी घेणार, काकांना विचारशील का?

दुसरी लॉगलाइन लिहिली:

"गावातली एकमेव मुक्कामी एसटी बंद पडू नये म्हणून एक एसटी चालक, पूर्वी जिला नकार कळवला... 

थांबा, अर्धवट पोस्ट झाली. ही घ्या:

"गावाची एकमेव मुक्कामी एसटी बंद पडू नये म्हणून एका चालक तरुणीला, जो मुलगा तिने स्थळ म्हणून नाकारला होता त्याच वाहकाची बायको असल्याचं नाटक करावं लागतं आणि हळूहळू ती खरंच त्याच्या प्रेमात पडते."

विंगेतला, ड्युटी बदलून न घेण्याचं कारण आता आहे: दुसरं कोणी त्या घाटात जायला तयार नाही, आणि हे दोघं सोडून म्हातारी दुसऱ्या कोणाला माडी देत नाही. बरं जमलंय का? पुढे गंमत अशी होते की दोघांचं जुळतं, पण गावात तोपर्यंत त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाची तयारी चालू असते. सत्तराव्या पानाच्या आसपास येतं ते. तो प्रसंग वाचून माझी आई खूप हसली.

रीळ संपली

सगळ्यांची माफी मागून वेगळा सूर लावतो. मी दोन मराठी सिनेमांना निर्मिती व्यवस्थापक होतो. पैसे लावणाऱ्यांपैकी कोणीही माझ्यासमोर लॉगलाइन विचारलेली नाही. विचारतात ते असं: हिरो कोण, हिरॉइन कोण, किती दिवसांत शूट, अनुदान मिळेल का, सॅटेलाइटचं, म्हणजे टीव्हीच्या हक्कांचं, काय. एका गृहस्थांनी तर "गोष्ट नंतर बघू" असं स्वच्छ सांगितलं होतं, आणि नंतर बघितलीही नाही. लॉगलाइन ही हॉलिवूडची पद्धत. तिथे स्टुडिओत ढिगांनी पटकथा येतात म्हणून त्यांना लागते. आपल्याकडे ओळखीने बैठक होते आणि लेखक दोन तास गोष्ट ऐकवतो. कावेरीताईंनी तो वेळ गोष्ट सांगायच्या तयारीला द्यावा. अर्जात काहीतरी भरून टाका आणि पुढे चला.

विंगेतला

रीळ संपली, तुमचं निम्मं पटतं. कथाकथन आपल्याकडे अजून चालतं आणि ज्याला ते जमतं त्याचा सिनेमा आधी होतो. माझ्या माहितीतला एक लेखक पात्रांचे आवाज काढून, उठून चालून दाखवून गोष्ट सांगतो. पटकथा त्याची बेताचीच असते. पण ती दोन तासांची बैठक मिळते कशी? कोणीतरी कोणालातरी फोनवर म्हणतं, "एसटीवरची एक गोष्ट आहे, ऐकून तर घे." त्या फोनवरचं वाक्य म्हणजेच लॉगलाइन, तुम्ही तिला ते नाव दिलं नाहीत एवढंच. आणि कावेरीताईंना ओळख नाही, त्या स्पर्धेच्या दारातून आत येतायत. त्या दाराशी बसलेल्या वाचकापुढे शंभर अर्ज असतात आणि चहा गार झालेला असतो.

कावेरीताई, आता तुमच्याकडे. दुसरी लॉगलाइन पहिलीपेक्षा मैलभर पुढे आहे. 'हळूहळू'पर्यंत मी सरळ बसून वाचत होतो. 'ती खरंच त्याच्या प्रेमात पडते' आलं आणि लोणच्याची बाटली दिसली.

आणि मग तुम्ही जाता जाता काय लिहून गेलात ते तुमच्या लक्षात आलंय का? गाव त्यांच्या लग्नाचा वाढदिवस करायला निघालंय आणि त्या दोघांना लग्न करायचंय! लग्न केलं तर पत्रिका छापाव्या लागणार, म्हणजे वर्षभर खोटं बोलत होतो हे गावाला कळणार. कळलं की म्हातारी माडी काढून घेणार, माडी गेली की मुक्काम गेला, डेपोला निमित्त मिळालं, गाडी बंद. हिंदी-मराठी सिनेमात चोरून लग्न करणारी जोडपी ढिगाने आहेत. इथे दोघांना चोरून ठेवायचंय ते आपलं लग्न न झालेलं. ज्या खोट्याने त्यांना एका खोलीत आणलं, तेच खोटं आता त्यांना बोहल्यावर चढू देत नाही. मी वर जी गाठ म्हणत होतो ती हीच, आणि तुम्ही ती सत्तराव्या पानावर, आईला हसवायला ठेवलीत.

वाक्याच्या बांधणीबद्दल एक. मराठीत '-णारी', '-लेली' किंवा 'जो... तो' लावून नामाच्या आधी हवं तेवढं कोंबता येतं, म्हणून आपण कोंबतो. 'जो मुलगा तिने स्थळ म्हणून नाकारला होता त्याच वाहकाची' हे डोळ्यांना चालतं, पण तोंडाने सांगा बरं? मध्येच श्वास लागतो. सरळ दोन तुकडे करा, मध्ये 'पण'. पहिल्या तुकड्यात नाटक का करतात ते, दुसऱ्यात ते नाटक कसं अंगावर येतं ते. विनोद ज्या शब्दात आहे तो अगदी शेवटी येऊ द्या, आपलं क्रियापद शेवटी येतं याचा फायदा घ्या. 'विनोदी', 'धमाल', 'खुसखुशीत' यातलं काहीही लिहायची वेळ येणार नाही. शेवटच्या तीन शब्दांना वाचणारा हसला की प्रकार त्याला कळला.

तिसरी लिहा. आधी भावाला मोठ्याने म्हणून दाखवा, कागद न देता. मग त्याला पाच मिनिटांनी परत सांगायला लावा. त्याने जे गाळलं ते गाळून टाका.

एकच चहा

मध्येच विचारतो. अख्खी गोष्ट इथे उघड्यावर टाकलीय, कोणी उचलली तर? आणि काप्राच्या सिनेमात बस आणि खोटं लग्न दोन्ही आहे म्हणताय, मग कावेरीताईंवरच कोणी बोट दाखवलं तर?

विंगेतला

दोन्हीला एकच उत्तर आहे. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात मांडली त्यावर असतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स, सर्वोच्च न्यायालय, १९७८. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' हे नाटक होतं, 'न्यू दिल्ली' (१९५६) हा सिनेमा त्यावरून उचलला असा त्यांचा दावा होता. विषय सारखा असला तरी मांडणी वेगळी आहे, असं म्हणून न्यायालयाने दावा फेटाळला. म्हणजे बसमधलं खोटं लग्न कोणाच्या मालकीचं नाही, आणि मुक्कामी एसटीची नुसती कल्पना तुमच्याही मालकीची नाही. तुमची आहे ती पटकथा. ती अर्ज पाठवायच्या आधी नोंदवून टाका. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेतलं की ऑनलाइन नोंदणी होते. तारखेचा पुरावा राहतो, तेवढं पुरे.

चोरीची भीती खरी आहे, झालेल्या चोऱ्या मी पाहिल्यात. पण भीतीने लॉगलाइन मोघम ठेवणारे लेखकही पाहिलेत. 'एका अनोख्या परिस्थितीत सापडलेले दोघे' असं लिहिलं की चोर येत नाही हे खरं, निर्माताही येत नाही.

कराडची कावेरी

भावाला ऐकवली. त्याने परत सांगताना 'चालक तरुणी', 'स्थळ' आणि 'घाट' गाळलं. 'मांडव' बरोबर लक्षात ठेवला. तर आता अशी आहे:

"गावची एकमेव मुक्कामी एसटी चालू राहावी म्हणून तिची चालक आणि वाहक गावासमोर नवरा-बायको असल्याचं नाटक करतात. वर्षभरात दोघांना खरंच लग्न करावंसं वाटू लागतं, पण गावाने त्यांच्या लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाचा मांडव घातलेला असतो."

डेपोची लेक

मस्तच! पण कांदेपोहे कुठे गेले? नकार दिलेल्या मुलाबरोबर रोज ड्युटी, मला तर तेच सगळ्यात आवडलं होतं. 'एकदा स्थळ म्हणून फिसकटलेले चालक आणि वाहक' असं बसवता येईल की, दोन-तीन शब्दच वाढतात.

रीळ संपली

हे वाक्य मी माझ्या बायकोला सांगितलं, तिने "मग?" विचारलं. मी अजूनही म्हणतो की पैसेवाला हिरोचं नाव विचारेल. पण ही गोष्ट मी कोणालातरी फोनवर सांगू शकेन, हे कबूल.

विंगेतला

लागली! याला फार हात लावू नका. 'पहिल्या' काढा, वर्षभर म्हटल्यावर पहिलाच. आणि 'वाटू लागतं' ऐवजी सरळ 'लग्न करायचंय' म्हणा: "वर्षभराने दोघांना खरंच लग्न करायचंय, पण गावाने त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाचा मांडव घातलाय." शेवटचं 'असतो' गेलं की मांडव समोर उभा राहतो.

'चालक' वाचून वाचणारा पुरुष धरेल का, ही भीती असेल तर 'तिची महिला चालक आणि वाहक' करा. मला ते थोडं सरकारी परिपत्रकासारखं वाटतं, पण चालक बाई आहे हे कळण्यातही अर्धी मजा आहे. तुम्ही ठरवा.

डेपोची लेक, तुमचा हट्ट समजतो, पण मी नाहीच म्हणेन. नकाराची गंमत वेगळी, मांडवाची वेगळी. एका वाक्यात दोन्ही ठेवल्या तर साहेबांना कोणती लक्षात राहील ते माझ्या हातात राहत नाही. नकार हा पहिल्या दहा पानांचा माल आहे. तो सिनॉप्सिसच्या पहिल्या ओळीत येऊ दे: पोहे, आईचा प्रश्न, समीरचं गप्प बसणं. लॉगलाइन वाचून जो तिथे येईल त्याला ती वरकमाई.

आता नावडतं बोलतो. लॉगलाइन जर मांडवावर संपते, तर वाचणारा तो मांडव सिनेमाच्या मध्यावर शोधणार. तुमच्याकडे तो सत्तराव्या पानावर आहे. तोपर्यंत गोंधळ आणि भांडणंच चालली असतील, तर माझ्यासारखा वाचक चाळिसाव्या पानाला पान उलटून मांडव कुठाय ते बघतो. म्हातारीच्या डोक्यात वाढदिवस निदान पन्नासाव्या पानाच्या आत यायला हवा: वर्गणी, जेवणावळीची यादी, डेपोच्या साहेबांना आमंत्रण. साहेबांना आमंत्रण गेलं की तुमच्या दोघांची झोप उडणार, कारण डेपोच्या रजिस्टरला दोघं अविवाहित आहेत.

कराडची कावेरी

डेपोच्या साहेबांना आमंत्रण!! हे माझ्याकडे नव्हतंच. घेते.

पण म्हणजे दुसरा अंक, पटकथेचा मधला भाग, सगळा परत मांडायचा? अर्जाची मुदत रविवारी रात्री बारापर्यंत आहे, आणि मला शनिवारी पूर्ण दिवस शाळेची ड्युटी आहे.

विंगेतला

अर्ज नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी पहिल्या फेरीला लॉगलाइन आणि सिनॉप्सिस एवढंच घेतात, पटकथा निवड झाल्यावर मागतात. तसं असेल तर रविवारपर्यंत सिनॉप्सिसच नव्या क्रमाने लिहा, पटकथा सावकाश बदला. पूर्ण पटकथा आत्ताच जोडायची असेल, तर मात्र अंक मोडू नका. पन्नासाव्या पानाच्या आत म्हातारीचा एक प्रसंग घाला, दीड पानाचा: ती दिनदर्शिका घेऊन माडीवर येते आणि विचारते, "तुमचं लग्न कोणत्या तारखेचं?" दोघं एकाच वेळी दोन वेगळ्या तारखा सांगतात. बाकीचं नंतर.

डेपोची लेक

आणि म्हातारी दोन्ही तारखा लिहून घेते.

कराडची कावेरी

लिहायला बसले. काकांकडून बेलचं तेवढं विचारून ठेव.